पांढऱ्या फेल्डस्पारवरच्या रेघा

वालीव, वसई (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

ती. प्रल्हादमामा,

नमस्कार. फोनवरच विचारणार होते, पण तुमचा कायदा पाठ आहे: तब्येतीचं फोनवर, दगडाचं पत्रात, आणि पत्रासोबत दगड. सहावीत असताना आगाशीच्या तळ्याकाठी सापडलेल्या दगडाचं मी फोनवर वर्णन करायला लागले, तर तुम्ही "दगड पाठव, मग बोलू" म्हणून फोन ठेवला होतात. आईने तेव्हा डोक्याला हात लावला होता. म्हणून हे पत्र, आणि डबीत दगड. नागपूरला कुरियर पोचेपर्यंत माणूस अमेरिकेला जाऊन येईल, पण तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का!

विषय फेल्डस्पारचा. टाइलवर काचेसारखा जो थर बसतो, ज्याला आम्ही ग्लेझ म्हणतो, त्यात जवळजवळ अर्धा फेल्डस्पारच असतो. मला लागतो पोटॅशवाला. तो भट्टीत दाट वितळतो, जागचा हलत नाही. सोडावाला पातळ होऊन पळतो. माझी भट्टी छोटी, टाइल्स आडव्या मावत नाहीत, म्हणून मी त्या तिरक्या उभ्या लावते. म्हणजे ग्लेझ पळालं तर खाली घसरणार आणि टाइलवरचं चित्रही सोबत घेऊन जाणार.

जुना व्यापारी धंदा बंद करून गावाला गेला. नव्याने पोती आणून टाकली, त्यांच्यावर ना नाव ना गाव. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, फेल्डस्पार तो फेल्डस्पार होता है." काय बोलणार अशा माणसाशी?

काम मोठं आहे, मामा. पाचूबंदरला धक्क्याजवळ क्रूस आहे, त्याच्या चौथऱ्याला टाइल्स बसवायच्यात. प्रत्येक टाइलवर एक होडी आणि खाली तिचं नाव. हिल्डा आंटी म्हणून आहेत तिथल्या, त्यांनी घरोघर फिरून होड्यांची नावं गोळा करून दिलीत. मे महिन्यात क्रुसाचा सण, त्याआधी टाइल्स लागल्या पाहिजेत. आणि बाबांनी सांगून टाकलंय: हे काम नीट उतरलं तर माझी भट्टी आहे तो गाळा माझा. नाही उतरलं तर मे संपला की तो प्लॅस्टिकच्या बाटल्या बनवणाऱ्याला भाड्याने. मी बँकेतली नोकरी सोडून मातीत हात घातले, हे त्यांना अजून पचलेलं नाही.

तेव्हा कृपा करून एका शब्दात सांगा: पोटॅश की सोडा?

तुमची
जागृती

ता. क. कागद संपला, पेनही संपलं, म्हणून समासात पेन्सिलीने लिहितेय. मामी गेल्यापासून तुम्ही तिकडे एकटे. आमची वरची खोली रिकामी आहे. कायमचे राहायला याल का? आईबाबांना अजून बोलले नाही, आधी तुम्हाला विचारतेय.


नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस आशीर्वाद.

एका शब्दात उत्तर मागणाऱ्या मुलांना मी जन्मभर वर्गाबाहेर काढत आलो. तू लांब आहेस म्हणून वाचलीस.

फेल्डस्पार हे एका खनिजाचं नाव नव्हे, घराण्याचं नाव आहे. पृथ्वीच्या कवचात निम्म्याहून अधिक हेच घराणं पसरलेलं आहे. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन हे तिघं घरात कायमचे. चौथा गडी बदलतो. पोटॅशियम आला की ऑर्थोक्लेज, नाहीतर मायक्रोक्लीन. सोडियम आला की अल्बाइट. कॅल्शियम आला की अनॉर्थाइट. यातले सोडियम आणि कॅल्शियम एकमेकांच्या जागा बिनबोभाट घेतात, म्हणून अल्बाइटपासून अनॉर्थाइटपर्यंत एक अखंड रांगच आहे. तिला प्लॅजिओक्लेज म्हणायचं. ही एक शाखा, पोटॅशची दुसरी. पण पोटॅशच्या दगडातही थोडा सोडा लपलेला असतोच. तुझा व्यापारी पुरता मूर्ख आहे हे खरं, पण "पोटॅश की सोडा" हा प्रश्नसुद्धा अर्धा मूर्खपणाचा आहे. "कोणता जास्त" असं विचारावं.

आता ओळखायचं कसं? कठीणपणा दोघांचा सारखा, सहा. काचेवर ओरखडा दोघेही काढतात. फुटतात दोघेही दोन दिशांनी, पायऱ्यापायऱ्यांनी. पोटॅशचा कोन काटकोन, सोड्याचा किंचित कलता, पण तो फरक नुसत्या नजरेने ओळखणारा मला तरी भेटलेला नाही. रंगावर जाऊ नये, हे तुला सहावीतच सांगून झालंय. पोटॅश पांढराही असतो आणि सोडा गुलाबीही. खूण एकच खरी: सोडावाल्याच्या सपाट फुटलेल्या अंगावर बारीक समांतर रेघा असतात, पट्टीने आखल्यासारख्या. उन्हात तिरका धरला की दिसतात. पोटॅशवर तशा रेघा नसतात.

तू मात्र बघायला जाऊ नकोस. नवशिक्याला प्रत्येक भेग ही रेघच वाटते. दगड माझ्याकडे पुन्हा पाठव, पण या वेळी सुपारीएवढा नको, चांगला नारळाएवढा पाठव. समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून माझ्या खोलीत उजेड म्हणून येत नाही. आणि अक्षर जरा माणसांसारखं काढ, कागदावर मुंग्या सोडल्यासारखं काढतेस. लॅबमध्ये वगैरे पाठवलंस तर याद राख. मी अजून मेलेलो नाही.

बाकी क्षेम. शेजारच्या मनोरमाबाई हल्ली माझा चहा स्वतः गाळून देतात. परवा मी तो कपाच्या शेजारी गाळला, एवढंच निमित्त. बाईंना वेळ फार.

प्रल्हादमामा


वालीव
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

नमस्कार. नारळाएवढा दगड पाठवलाय. कुरियरवाल्याने तीनतीनदा विचारलं, "ताई, नक्की दगडच आहे ना? दगड कोण पाठवतं?" मी म्हटलं, माझे मामा मागवतात. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बस.

तुमचं पत्र चार कागदांचं आलं, आणि मजकूर पोस्टकार्डावर मावला असता. केवढं ते अक्षर! एका ओळीत चार शब्द! मामा, मी बहिरी नाही आणि तुमच्या वर्गातली ढ मुलगीही नाही. माझ्यावर असं ओरडून लिहायची गरज नाही. हळू लिहिलंत तरी मला समजतं.

रेघा बघणं तुमचं काम, मी बघत नाही. तुम्ही नको म्हणालात ना? नको तर नको. इथे तशीही दळायची चक्की सुरू आहे, सगळ्या गाळ्यावर पीठ उडालंय, दगडावर रेघ आहे की माझ्या चष्म्यावर, काही कळायचं नाही. फक्त लवकर सांगा. मातीच्या टाइल्स भाजून तयार आहेत. होड्या रंगवून झाल्यात. हिल्डा आंटी एक दिवसाआड येऊन "झाला का गो?" विचारून जातात आणि जाताना सुकट ठेवून जातात. सुकटीचा डोंगर झालाय.

आणि मी समासात जे विचारलं होतं त्यावर तुम्ही अवाक्षरही काढलं नाहीत. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा. मी काही रडणार नाही.

जागृती


नागपूर
२८ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस आशीर्वाद.

दगड मिळाला. दोन दिवस खिडकीत ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिला, भिंगानेही पाहिला. रंग पिवळसर गुलाबी, दुधात केशराच्या चार काड्या पडाव्यात तसा. सपाट अंग स्वच्छ आहे. रेघा नाहीत.

निःसंशय पोटॅश. दळायला घे.

समासातल्या गोष्टींना मी उत्तरं देत नाही. माणसाला जे म्हणायचं असेल ते त्याने कागदाच्या मधोमध म्हणावं.

मनोरमाबाईंनी आता माझ्या दारासमोरची कुंडी हलवली आहे. म्हणे, मी तिला रोज लाथ मारतो. कुंडी ठेवायची जागा होती का ती?

प्रल्हादमामा


वालीव
१८ मार्च २०२५

मामा,

हे पत्र काळ्या मार्करने लिहितेय. पेट्यांवर नावं घालायला आणलेला जाड मार्कर आहे. तुम्हाला मोठंच अक्षर आवडतं ना? घ्या.

काल भट्टी उघडली. सगळं वाहून गेलं. सगळं! ग्लेझ पातळ होऊन टाइलवरून घसरलं, होड्यांचा निळा रंग ओढत नेला, आणि खाली भट्टीतल्या फळीवर थिजून काचेची डबकी झाली. टाइल्स फळ्यांना अशा चिकटल्यात की छिन्नीने काढाव्या लागतायत. एकाही होडीचं नाव वाचता येत नाही. पोटॅश असता तर हे झालंच नसतं, हे मला शाळेतलं पोरही सांगेल.

हिल्डा आंटी नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांच्या घरची होडी 'स्टेला'. त्या टाइलवर 'स्टे'ची फक्त मात्रा उरलीय. त्यांनी वाकून ती मात्रा बघितली. मग म्हणाल्या, "येवढी वर्षं दर्यात बुडली नाय गो ती. तू भट्टीत बुडवलीस." त्या दिवशी सुकट ठेवून गेल्या नाहीत.

संध्याकाळी बाबा त्या बाटल्यांवाल्याला घेऊन आले. माझ्यासमोर त्याने गाळ्याची लांबी-रुंदी मोजली. मी नुसती बघत उभी. बाबा वाईट नाहीत, पण त्यांनी टेपचं एक टोक धरलं होतं, ते मी विसरणार नाही.

आणि मला एक सांगा, गुलाबी कुठून आणलंत तुम्ही? दगड पांढराफेक आहे! टाल्कम पावडरसारखा पांढरा! वर "रंगावर जाऊ नये" हे मला कोणी शिकवलं? रंगावर जाऊ नये आणि रंगही चुकीचा सांगावा, ही कुठली पद्धत? लॅबमध्ये पाठवू नको म्हणालात, पाठवला नाही. बघू नको म्हणालात, बघितला नाही. आता बसा भिंग घेऊन.

जागृती


नागपूर
२६ मार्च २०२५

चि. जागृतीस आशीर्वाद.

तुझं अक्षर या वेळी फार सुधारलं आहे. पहिल्यांदाच तुझं पत्र एका बैठकीत वाचून झालं. असंच लिहीत जा.

मजकूर मात्र सुधारलेला नाही. भट्टी तुझी, ताप तुझा. तापमान किती गेलं होतं ते लिहिलंच नाहीस. तुझा तापमापक खरं बोलतो याला पुरावा काय? टाइल्स तिरक्या उभ्या करायच्या आणि मग ग्लेझ घसरलं म्हणून दगडाला बोल लावायचा, हा कुठला न्याय? दगड खोटं बोलत नाही. दगडाकडे पाहून मी आजवर चुकलेलो नाही.

पांढरा म्हणतेस, तर तुमच्या गाळ्यात ट्यूबलाइट असेल. ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं दिसतं.

वाईट वाटलं, हे लिहितो. हिल्डाबाईंच्या होडीचं फार वाईट वाटलं.

आमच्या जिन्याची शेवटची पायरी बांधणाऱ्याने मुद्दाम लपवून ठेवलेली आहे. परवा तिच्यापायी गुडघा फुटला. मनोरमाबाईंना आयतंच निमित्त मिळालं, सकाळ-संध्याकाळ डॉक्टर-डॉक्टर करतात. गुडघ्याला आयोडीन लावलं की भागतं. त्याला डॉक्टर कशाला?

प्रल्हादमामा


वालीव
३ एप्रिल २०२५

मामा,

तापमापक बरोबर आहे. शेजारच्या गाळ्यातल्या ॲलिस्टरच्या मापकाशी ताडून बघितला, दोन्ही एकच आकडा दाखवतात. ट्यूबलाइटचं म्हणाल, तर मी त्या पोत्यातला दगड नळाखाली धुतला आणि बाहेर रस्त्यावर उन्हात नेला. उन्हातही पांढराच आहे. आता ऊन खोटं म्हणणार आहात का?

आणि मी रेघा बघितल्या. हो, बघितल्या! तुमची आज्ञा मोडली. ॲलिस्टरकडून भिंग आणलं होतं, पण ते लागलंच नाही. दगड जरा तिरका धरला आणि सपाट अंगभर रेघाच रेघा चमकल्या, वहीच्या पानासारख्या. मला दिसल्या. ॲलिस्टरला दिसल्या. चहा घेऊन आलेल्या कमळीला मी काही न सांगता दगड दाखवला तर ती म्हणाली, "ह्याच्यावर लाइनी कोनी मारल्या?" ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाला दिसल्या, मग तुम्हाला दोन दिवस भिंग घेऊन बसून कशा

मामा, थांबा. इथून पुढे मार्करने लिहिते.

मी तुमची सगळी पत्रं आत्ता समोर मांडली. प्रत्येक पत्रात अक्षर आधीच्यापेक्षा मोठं. मला वाटत होतं तुम्ही चिडताय. चहा कपाबाहेर. कुंडीला लाथ. जिन्याची पायरी. पांढरा दगड पिवळा-गुलाबी. आणि मी रागाने फराटे मारले, ते अक्षर तुम्हाला सुधारलेलं वाटलं.

मामा, तुम्हाला दिसत नाहीये ना?

मला किती राग आलाय, काय सांगू! टाइल्स गेल्या त्याचा नाही. टाइल्स पुन्हा होतील. तुम्ही दोन दिवस त्या खिडकीत एकटे दगड फिरवत बसलात, काही दिसलं नाही, आणि तरीही मला "निःसंशय" म्हणून लिहिलंत, त्याचा राग आलाय. "जागे, मला नीट दिसत नाही" एवढं लिहायला किती शाई लागते? बाहेरच्या कुणाला नका सांगू, पण मलाही नाही?

आता नीट ऐका. लॅबवाला पंधरा दिवस मागतोय, तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. व्यापाऱ्याशी भांडून दोन नवी पोती आणलीत, दोन वेगवेगळ्या खाणींची. दोन्हींचे दगड दळून, ओली पूड पेढ्याएवढी थापून भट्टीत भाजली. सोडावाला पेढा वितळून चपटा बसतो, पोटॅशवाला फुगीर राहतो. हे मी आधीच करायला हवं होतं, पण तुम्ही सांगितल्यावर पुन्हा तपासायचं कशाला, असं वाटलं. आता पंचाईत अशी की हे दोन्ही पेढे मला सारखेच फुगीर दिसतात. दोन्हींवर चमक आहे, त्यात माझे डोळे दिपतात.

दोन्ही पाठवतेय. एकाला लाल दोरा बांधलाय, एकाला काही नाही. बघू नका. बोटांनी सांगा. तुम्ही सांगाल तेच पोतं दळणार.

जागृती


नागपूर
९ एप्रिल २०२५

चि. जागृती,

लाल दोऱ्याचं दळ.

दुसऱ्याच्या बुडाशी नख फिरव. खाली कड पसरलेली लागेल, साडीच्या काठासारखी. वरून ताठ दिसतो पण खालून ओघळायला लागलेला आहे. त्यात सोडा जास्त. दोऱ्यावाल्याची कड सरळ खाली येते, नख अडत नाही. दहादा पाहिलं. पाहिलं म्हणजे बोटाने.

पेढे पोचले तेव्हा मनोरमाबाई इथेच होत्या. त्यांनी दोरा कुठल्याला आहे तेवढं सांगितलं. बाकी एक शब्द बोलू दिला नाही.

दिवाळीपासून असं आहे. आधी धुकं, मग सगळं चहाच्या रंगाचं. मनोरमाबाई मोतीबिंदू म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, कारण म्हटलं की दवाखान्यात जावं लागतं. तुझी मामी चालत गेली होती त्या दवाखान्यात. मला भीती वाटते, जागृती. एवढंच आहे ते. दगडाला मी कधी भ्यालो नाही.

तुझ्या टाइल्स माझ्यामुळे गेल्या.

प्रल्हाद


वालीव
८ मे २०२५

ती. मामा,

मार्करनेच लिहितेय. शेवटचंच.

टाइल्स लागल्या. लाल दोऱ्याचं पोतं दळलं. भट्टी उघडायच्या दिवशी माझा हातच झाकणावर जाईना, शेवटी ॲलिस्टरने उघडली आणि "अगं, बघ तरी!" म्हणून ओरडला. एक थेंब हललेला नाही. निळा रंग जिथल्या तिथे. होड्यांच्या शिडांच्या दोऱ्यासुद्धा मोजून घ्या.

परवा पाचूबंदरला सण झाला. फादरांनी चौथऱ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सगळ्यांनी गाणी म्हटली, आणि गाणी संपल्याबरोबर प्रत्येक घर आपापली होडी शोधायला धावलं. नुसती ढकलाढकली! हिल्डा आंटी सगळ्यांत शेवटी आल्या. वाकून 'स्टेला'वर बोट फिरवलं, अगदी तुमच्यासारखं, मामा. मग म्हणाल्या, "आता पान्यावर हाय." आणि मला सुकटीची पिशवी दिली, ही एवढी मोठी. मी तिथेच रडले. हो, रडले.

बाबा मागे उभे होते.  काल सकाळी गाळ्यावर गेले तर बाबा शिडीवर चढून माझ्या नावाची पाटी ठोकत होते. पाटी वाकडी लागलीय, पण मी काही बोलणार नाही. तो बाटल्यांवाला आला नाही पुन्हा.

आता तुमचं. मनोरमाबाईंशी माझं फोनवर बोलणं झालंय. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, एकामागोमाग एक. तारीख ठरलीय, डॉक्टर त्यांच्या भाचीच्या ओळखीचे आहेत, दवाखाना वेगळा आहे, मामी होत्या तो नाही. मी येतेय. आत जाताना तुमचा हात मी धरणार, बाहेर येताना मनोरमाबाई, किंवा उलट. भीती वाटली तर वाटू दे. माझाही हात झाकणावर जात नव्हता. यावर होय-नाही पत्राने कळवायचं नाहीये. मी तिकीट काढलंय.

समासातलं आता विचारत नाही. तुमचं उत्तर मला कळलंय.

जागृती


नागपूर
१८ जून २०२५

चि. जागृतीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली. हे अक्षर बारीक वाटलं तर दोष आता तुझ्या डोळ्यांचा. भिंग घे.

पट्टी निघाल्यावर लोक देवाचं तोंड बघतात म्हणे. मनोरमाबाईंनी निरांजन वगैरे तयारी केली होती. मी तुझा नारळाएवढा दगड मागितला. त्यांनी कपाळाला हात लावला, पण आणून दिला. गच्चीवर जाऊन उन्हात तिरका धरला.

रेघा आहेत. अगं, लाजच वाटली मला. एवढ्या ठळक रेघा मी वर्गात दाखवायला जपून ठेवत असे. या दगडाला पोटॅश म्हणणाऱ्या मुलाला मी वर्षभर वर्गात उभं केलं असतं. आणि पांढरा आहे. टाल्कम पावडरीसारखा नाही, तू नेहमीप्रमाणे अतिशयोक्ती करतेस, पण पांढरा आहे.

दगड पाहून झाला, मग तुझी सगळी पत्रं काढली. मार्करची वाचवत नाहीत आता, डोळ्यांत घुसतात. मार्करने लिहिलेल्या शिव्या फार मोठ्या दिसतात, हे पुढे लक्षात ठेव. मग पहिलं पत्र घेतलं. तेव्हा ते मी पाच-सहा दिवस भिंग फिरवून, निम्मं अंदाजाने वाचलं होतं. समासात पेन्सिलीचं काहीतरी आहे एवढं दिसलं होतं. मला तो कागदाचा मळ वाटला. नंतर तू त्याबद्दल विचारलंस, तेव्हा वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून समासाला उत्तर देत नाही वगैरे फुशारकी मारली.

आज वाचलं. चार ओळी आहेत. कितीतरी वेळ वाचत बसलो. मनोरमाबाई चहा गाळून ठेवून गेल्या, तो निवून गेला.

तुला वाटलं असेल, या म्हाताऱ्याला आपण बोलावलं आणि त्याने तोंड फिरवलं. आणि तरीही तू दगड पाठवत राहिलीस, तिकीट काढून आलीस, दवाखान्यात माझा हात धरून उभी राहिलीस. मी मात्र तुझ्या टाइल्स वाहून गेल्या तेव्हा तुला भट्टीच्या तापमानाचं विचारत होतो.

तर उत्तर. येतो. कायमचा येतो. आईबाबांना तूच सांग, आणि बाबांना म्हणावं टेप घेऊन खोली मोजायला येऊ नका, मी सगळा मावेन. दगडांच्या तीन पेट्या आहेत, त्या मात्र खालच्या मजल्यावर ठेवाव्या लागतील. खिडकी पूर्वेची असावी, दगड सकाळच्या उन्हात बघायचे असतात. मनोरमाबाईंना सांगितलं, तर त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, सुटले.

आणि जागे, पुन्हा कधी असलं काही विचारायचं असेल तर पेनाने विचार, आणि कागदाच्या मधोमध विचार.

प्रल्हादमामा